दुसरी ओटी

कापसाची वेचणी नुकतीच सुरू झाली होती. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्या आठवड्यात आमच्या पोलीस ठाण्याला एक तक्रार मिळाली: गावातल्या एका बाईकडे वाढत असलेली आठ महिन्यांची मुलगी तिची नाही, ती कुठूनतरी विकत आणलेली आहे.

तक्रार लहान मुलांच्या मदतवाहिनीवर फोनने आली होती आणि तिथून आमच्याकडे पाठवली गेली. फोन करणाऱ्या बाईने स्वतःचं नाव सांगितलं होतं. ते गावात कुणाला कळू नये एवढीच तिची अट होती.

ठाणं हिंगणघाट तालुक्यातलं, गाव वडनेरच्या बाजूचं. यापेक्षा जास्त ओळख देणार नाही. ज्या कुटुंबाबद्दल लिहितो आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माणसं थोडीच आहेत, म्हणून नात्यानेच ओळख देतो. घरात एक सासू, तिचे दोन मुलगे आणि दोन सुना. थोरल्या मुलाचं गावात खता-बियाण्याचं कृषी केंद्र. धाकटा शेती पाहतो. दोघांची घरं एकाच आवारात, चुली वेगळ्या. मुलगी थोरल्या सुनेकडे होती. फोन केला होता धाकट्या सुनेने.

खबर देणाऱ्याला ठाण्यात बोलावलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. म्हणून आम्ही तिला बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला एका चहाच्या हॉटेलात भेटलो. मी साध्या कपड्यांत होतो. सोबत आमच्या महिला हवालदार, साडी नेसून. त्यांना या लेखात हवालदार बाई म्हणतो. त्या अल्लीपूरकडच्या. त्या भागातल्या बायका त्यांच्याशी पोलीस म्हणून बोलत नसत, शेजारीण म्हणून बोलत. तपासात या गोष्टीचा उपयोग किती होतो, हे लेखी सांगता येत नाही.

धाकटी सून पिशवीत भाजी घेऊन आली होती. बसल्या बसल्या तिने सुरुवात केली.

"साहेब, मोठ्या बाई पिशवी काढाले नागपूरले गेलत्या. आमाले तसंच सांगतलं. चार-पाच महिने तिकडंच राह्यल्या. आल्या त पोरगी घेऊन आल्या. गर्भपिशवी काढून कोनाले पोरगी होते काय?"

"डोहाळजेवण?" हवालदार बाईंनी विचारलं.

"कायचं डोहाळजेवन! ओटी नाई, हिरव्या बांगड्या नाई, काईच नाई. मी घरची जाऊ हावो. मले मालूम नाई त ओटी भरली कोनं? शेजारनीनं?"

"भरली नसेल. काही बायका भरत नाहीत."

"बापा! लगन होऊन इतके साल झाले, पंचेचाळिशीत दिवस गेले, अन् ओटी नाई भरत?"

यानंतर तिने खरी गोष्ट काढली. मुलीला मध्यंतरी ताप आला तेव्हा रक्त तपासलं होतं. तपासणी ज्या प्रयोगशाळेत झाली तिथे या धाकट्या सुनेचा मावसभाऊ कामाला. त्याने बोलता बोलता सांगितलं की मुलीचा रक्तगट एबी आहे. थोरलीचा गट ओ, हे घरात सगळ्यांना माहीत. कारण पहिल्या बाळंतपणात तिला रक्त लागलं तेव्हा धाकट्या दिराने दिलं होतं. मावसभावाचं म्हणणं, ओ गटाच्या बाईला एबी गटाचं मूल होत नाही. ते शास्त्राला धरून होतं. मी नंतर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

खबर देणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत असे. तो तिलाही विचारला: यातून तुम्हाला काय मिळणार?

ती माझ्याकडे रागाने पाहत राहिली. म्हणाली, "मले काय भेटन? माही दोन पोरं हायेत, चांगली शाळेत जाऊन राह्यली. पन साहेब, ते पोरगी कोनाच्या तरी पोटची हाये न? ते बाई कुठंतरी आपलं दूध पिळून फेकत असन. तिचं कोन पाह्यन?"

आकसाने खबर देणारा माणूस ज्याच्याबद्दल खबर देतो त्याच्याबद्दलच बोलत राहतो. ही बाई, तिने कधी न पाहिलेल्या दुसऱ्याच एका बाईबद्दल बोलत होती. खबर बाजूला ठेवता येणार नाही, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. थोरला दुकानातच होता. कशासाठी आलो हे सांगून होण्याआधी त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकचं पाकीट काढून समोर ठेवलं. जन्माचा दाखला, दवाखान्यातून सुट्टी मिळाल्याचा कागद, सोनोग्राफीचे अहवाल. सगळं थोरलीच्या नावावर, सगळं रीतसर.

"घ्या साहेब, सर्व हाये. पाहून घ्या."

मागण्याआधी कागद पुढे करणारा माणूस पोलिसाला बुचकळ्यात पाडतो. एक तर तो निर्दोष असतो, नाहीतर तयारीत असतो. शिवाय अशा प्रकरणात कागदांवर विसंबून चालत नाही. मुलं विकणाऱ्या टोळ्यांची एक पद्धत पोलीस खात्यात सर्वांना माहीत आहे. जिला मूल होणार असतं तिलाच घेणाऱ्या बाईच्या नावाने दवाखान्यात दाखल करतात. कागद खरे असतात, शिक्के खरे असतात, फक्त खाटेवरची बाई दुसरी असते.

थोरली सून घरात होती. उंच, शांत बाई. मुलगी कडेवर. हवालदार बाईंनी तिला आत नेऊन तिची चौकशी केली. पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण होता. पण तिचं पहिलं मूलही शस्त्रक्रियेनेच झालं होतं आणि ते मृत जन्मलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. व्रण आधीचा की आताचा, हे पाहून सांगता येत नव्हतं. मुलगी वरच्या दुधावर होती.

मी त्यांना सरळ मार्ग सांगितला. आई, वडील आणि मुलगी, तिघांचे रक्ताचे नमुने द्यावेत. डीएनए तपासणीचा अहवाल आला की प्रश्न मिटेल.

नवरा म्हणाला, "माहं घ्या."

थोरली म्हणाली, "माहं देनार नाई."

"का?"

"नाई देनार."

तिने आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणीही आणलं नाही. कडेवरच्या मुलीने तिच्या मंगळसूत्राला हात घातला होता, तो तिने सावकाश सोडवला आणि पुन्हा नाही म्हणाली.

कायद्याप्रमाणे प्रकरण वर्ध्याच्या बालकल्याण समितीपुढे ठेवणं भाग होतं. ते ठेवलं. समितीने मुलीला लगेच घरातून हलवलं नाही, पण पुढच्या बैठकीची मुदत दिली. तोपर्यंत मूल कुणाचं हे स्पष्ट झालं नाही, किंवा बाईने नमुना देण्याचं नाकारलं, तर निर्णय होईपर्यंत मुलीला शिशुगृहात ठेवावं लागणार होतं. तसा आदेश मी स्वतः थोरलीला वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून उभी होती. वाचन संपल्यावर तिने विचारलं, "शिशुगृहात पोरीले पाहाले जाता येते काय?"

बाजूला सासू बसली होती. ती म्हणाली, "जाता कायले येते? तिले नेऊच देत नाई मी." मग माझ्याकडे वळून, "चहा घेता काय, साहेब?"

त्या आठवड्यात मी नवऱ्याला आणि थोरलीला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. नागपूरला का गेलात? दोघांचं उत्तर एकच: गर्भपिशवीच्या इलाजाले गेलो. गावात तसं का सांगितलं? दोघांचं उत्तर पुन्हा एकच, शब्दालाही फरक नाही. ठरवून बोललेलं असं ओळखू येतं. खरं बोलणाऱ्या दोन माणसांचं तपशिलात कुठेतरी जुळत नाही. एकाला पाऊस आठवतो, दुसऱ्याला बसची गर्दी. या दोघांचं सगळं जुळत होतं. ते काहीतरी लपवत होते यात मला शंका उरली नाही.

हवालदार बाईंना मी गावात पाठवलं होतं ते एवढंच शोधायला, की ओटी कुणी भरली का. आमच्या भागात तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, फार तर दोघी-चौघींत, चोरओटी भरतात. सातव्या महिन्यातली ओटी सगळ्यांसमोर असते. थोरली गरोदर होती असं म्हणणारी एकही बाई गावात निघाली नाही. पण हवालदार बाई गावाबाहेरच्या देवीच्या देवळात जाऊन बसल्या. तिथली गुरवीण त्यांच्याशी बोलली. ते संभाषण त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"त्यायची म्हातारी मागच्या सालच्या नवरात्रात आलती. दोन ओट्या घेऊन आलती."

"दोन?"

"हो. दोन खन, दोन नारळ, तांदूळ वेगवेगळे बांधलेले. मी म्हटलं, काय व, देवी एक अन् ओट्या दोन? त म्हने, एक माह्या सुनेकडून, एक त्या बाईकडून."

"कोणत्या बाईकडून?"

"तेच म्या इचारलं. म्हने, नाव मालूम नाई."

हे ऐकल्यावर माझ्यापुरता तपास जवळजवळ संपला होता. ते नवरात्र म्हणजे मुलीच्या जन्माच्या सहा महिने आधी. म्हणजे त्या वेळी दुसरी एक बाई होती, जिचं नाव या घराला माहीत नव्हतं आणि जिच्यासाठी सासूने ओटी वाहिली होती. दुसरी गरोदर बाई. मूल जिचं ती.

हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, ओटी पोटुशीचीच भरतात असं नाही."

"मग कुणाची?"

"कुणाचीही. देवीची भरतात, माहेरी जाणाऱ्या लेकीची भरतात. जिचं चांगलं व्हावं असं वाटते तिची भरतात."

मी ते ऐकून घेतलं आणि सासूला ठाण्यात बोलावलं. सोबत थोरली आली. मुलगी होतीच. महिला कक्षात त्यांना बसवलं. बाहेर आवारात कापसाच्या गाड्यांच्या भांडणातले दोन गाडीवान मोठमोठ्याने एकमेकांना आपापल्या साक्षीदारांची नावं सांगत होते. म्हातारीला त्याचंच जास्त कुतूहल. मी दार लोटून घेतलं.

मुलीबद्दल मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणालो, "आजी, मागच्या वर्षी नवरात्रात देवीपुढे दोन ओट्या ठेवल्या. दुसरी कुणाची?"

म्हातारीने हवालदार बाईंकडे पाहिलं. "गुरवीन बोलली वाट्टे."

"तिने खरं तेच सांगितलं."

"त मी काऊन खोटं बोलू? दुसरी त्या बाईची."

"कोणत्या बाईची?"

"तेच त मले कोनी सांगत नाई! डॉक्टरीन सांगत नाई, नर्स सांगत नाई. तुमी पोलीस हा न? तुमीच शोधून द्या आता."

इतक्या वर्षांत चौकशीला आणलेल्या माणसाने मलाच तपासाचं काम सांगितलं, असं हे एकदाच झालं.

थोरली म्हणाली, "आई, थांबा. मी सांगतो." मग माझ्याकडे पाहून, "साहेब, लिहू नका. पहिले आयका."

मी पेन खाली ठेवलं.

तिने सांगितलं ते असं. पहिलं मूल गेल्यावर वर्षानुवर्षं दिवस राहिले नाहीत. गावोगावचे इलाज झाले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं की गर्भाशय चांगलं आहे, पण हिची स्वतःची स्त्रीबीजं आता उरलेली नाहीत. दुसऱ्या बाईने दान केलेलं स्त्रीबीज घेऊन, नवऱ्याच्या बीजाशी त्याचा संयोग करून तो गर्भ हिच्या पोटात ठेवता येईल. मूल हीच वाढवेल, हीच जन्म देईल. दान करणारी बाई कोण हे यांना कधी कळणार नाही आणि हे कोण ते तिलाही कळणार नाही. कायदाच तसा आहे. रक्तगट जुळणाऱ्या दात्रीसाठी थांबायचं तर आणखी थांबावं लागणार होतं, आणि वय थांबत नव्हतं.

"मी यायले म्हटलं, दुसरी बायको करा," थोरली म्हणाली. "हे खाली पाहत बसले. मले वाटलं, आता आई काय म्हनतीन."

"अन् मी काय म्हटलं?" म्हातारीने विचारलं.

"आईनं डॉक्टरीनबाईले इचारलं, त्या बाईले तरास होईन काय?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग भूल देऊन बीजं काढतात, एक दिवस दवाखान्यात राहावं लागतं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर तिने मुलाला आणि सुनेला एकच प्रश्न विचारला: मंग तिची ओटी कोन भरीन?

"साहेब," म्हातारी मला समजावत होती, "घरचं विरजन सरलं त आपन शेजारनीकडून आनतो न? दूध आपलं, चूल आपली, रातभर झाकून ठेवनं आपलं. मंग ते दही का शेजारनीचं होते? पन शेजारनीचं नाव त घ्यावं लागते. नाई घेतलं त ते बेइमानी झाली."

जबाबात हे वाक्य मला लिहिता आलं नाही. त्यासाठी रकाना नसतो.

मी थोरलीला विचारलं की हे आधीच का सांगितलं नाही. रक्ताचा नमुना का नाकारला?

"रक्त देलं असतं त कागदावर आलं असतं, हे माय नाई. तो कागद पहिले कोनाच्या हाती पडला असता? पोरीले ताप आला, रक्त तपासलं, अन् तिचा गट गावात फिरला. माह्या कागदाचं काय झालं असतं?" तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मले लाज नाई वाटत, साहेब. पोरीले मीच सांगीन. तिले समजन तवा, माह्या तोंडानं सांगीन. तिनं ते पानठेल्यावर आयकू नये. येवढ्यासाठी शिशुगृहाचंबी आयकून घेतलं मी."

मुदत अजून बाकी होती. थोरली गप्प राहिली असती तर मुलगी काही काळासाठी का होईना हातातून जाणार होती, आणि बोलली असती तर मुलीची गोष्ट मुलीच्या आधी गावाला कळणार होती. ही बाई आठवडाभर या दोहोंच्या मधे उभी होती आणि तिने एकदाही आमच्यावर आवाज चढवला नव्हता. अनेक वर्षं लोकांना प्रश्न विचारण्यात गेलेल्या माणसाला अशी शांतता ओळखता येते. ती क्वचित भेटते.

पण ऐकलेलं खरं मानणं हे पोलिसाचं काम नाही. टोळीतल्या बाईलाही अशी गोष्ट रचता आली असती. पडताळणी करायची होती, आणि ती कागदावर नको होती. म्हणून मी थोरलीला सोबत घेऊन नागपूरला गेलो. दवाखान्याला आधी कळवलं नाही, फोटो दाखवला नाही, नावही सांगितलं नाही. हवालदार बाई आणि ती, दोघीच प्रसूती विभागाच्या व्हरांड्यातून चालत गेल्या. मी मागे लांब.

निम्म्या वाटेवर फरशी पुसणारी एक आया उठून उभी राहिली.

"अवं! टाके त नाई दुखत न आता? पोरगी कशी हाये? नाई आनली?"

थोरली म्हणाली, "घरी हाये. आजीजवळ."

"आजी नाई आल्या? बरं झालं बापा! मागच्या बारी साऱ्या दवाखान्यात नारळ घेऊन फिरत होत्या. दिसली जवान बाई का इचारे, तू बीज देल्लं काय व? एका बाईचा नवरा भडकला न! डॉक्टरीनबाईनं हात जोडले त्यायले."

हवालदार बाईंना हसू आवरेना. थोरलीलाही. मी मागे उभा राहून ऐकत होतो. खाटेवर कोण होतं, याचं उत्तर मला मिळालं होतं.

पुढचं काम सोपं होतं. थोरलीने आणि तिच्या नवऱ्याने लेखी संमती दिली. त्या संमतीवर डॉक्टरीणबाईंनी समितीपुढे येऊन, बंद खोलीत, उपचाराची माहिती दिली. कायदा स्पष्ट आहे. अशा उपचारातून होणारं मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच असतं. स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा त्या मुलावर हक्क नसतो आणि जबाबदारीही नसते, आणि तिची ओळख गुप्त ठेवावी लागते. समितीने नमुन्याची मागणी मागे घेतली. माझा अहवाल बंद पाकिटात गेला. ठाण्यातल्या नोंदीत एवढंच आहे: तक्रारीतील आरोपात तथ्य आढळले नाही. प्रयोगशाळेतल्या मावसभावाला मी बोलावलं आणि रुग्णाचा अहवाल घरगुती गप्पांत सांगणं हा कसला प्रकार आहे हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. त्याच्या मालकालाही लेखी समज दिली.

खबर देणारीचं नाव मी सांगितलं नाही. थोरलीने ते विचारलंही नाही. फक्त निघताना म्हणाली, "माहा गट ज्यानं मले रक्त देल्लं त्याच्याच घरी मालूम हाये, साहेब. तुमी चिंता नका करू."

समितीचा आदेश द्यायला हवालदार बाई त्यांच्या घरी गेल्या. तिथे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

आदेश हातात आल्यावर थोरलीने आवारातूनच धाकटीला हाक मारली. ती हात पुसत आली. पोलिसांना पाहून दारातच थांबली.

"फोन तू केलता न?" थोरलीने विचारलं.

धाकटी म्हणाली, "केलता. माफी नाई मांगत. पोरगी कोनाची चोरून आनली असती त अजून केला असता."

"बराबर केलं. मी असतो त मीबी केला असता. बस."

मग थोरलीने तिला सगळं सांगितलं. सासूला नको होतं. थोरलीने ऐकलं नाही. धाकटी जमिनीवर बसून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "म्हंजे दुसरी बाई हाये?"

"हाये. पन ते रडून नाई राह्यली. तिचं दूध कोनी हिसकलं नाई. तिनं आपल्या मर्जीनं देल्लं."

यावर धाकटीने जे विचारलं ते मुलीबद्दल नव्हतं. "मंग मले काऊन नाई सांगतलं, मोठ्या बाई? मी काय परकी हावो? माह्या हातची ओटीबी नको झाली तुमाले?"

थोरली म्हणाली, "पहिल्या टायमाले सातव्या महिन्यात पहिली ओटी कोनं भरलती?"

"म्या."

"तुह्या लग्नाले साल नव्हतं झालं. पोरगं गेलं, अन् बाया नळावर काय बोलत होत्या ते तू आयकलं नाई. नव्या सुनेचा हात लागला म्हनत होत्या. आईनं दोघी-तिघींचं तोंड बंद केलं. या बारीबी काई झालं असतं त पुन्हा तुलेच लावलं असतं. तुले मालूमच नाई, त तुह्यावर येनार कसं? म्हनून नाई सांगतलं."

हवालदार बाई सांगत होत्या, धाकटी उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून बराच वेळ नळ सुरू असल्याचा आवाज येत होता. म्हातारी म्हणाली, "झालं काय तुमचं? पोरगी उठली पाहा." मुलीला उचलायला धाकटीच बाहेर आली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नंतर भरती झालेल्या पोरांनी विचारलं की मी त्यांना एवढंच सांगतो. या तपासात मिळालेला प्रत्येक पुरावा खरा होता. रक्तगट खरा होता, गावात ओटी झाली नव्हती हे खरं होतं, दुसरी बाई होती हेही खरं होतं. नमुना नाकारणारी बाई काहीतरी लपवते आहे, हा माझा अंदाजही खरा होता. माणूस लपवतो आहे हे कळलं म्हणजे काय लपवतो आहे हे कळलं, असं होत नाही. ते विचारावं लागतं, आणि योग्य प्रश्न मला सापडला तो देवळात जाऊन बसलेल्या हवालदार बाईंमुळे.

संक्रांतीनंतर मुलीचं बोरन्हाण झालं. गावातल्या बायका-पोरांना बोलावणं होतं. हवालदार बाई गेल्या होत्या, मला जाता आलं नाही. मुलीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. बोरं, चुरमुरे आणि गोळ्या डोक्यावरून ओतल्यावर ती आधी दचकली, मग मुठीने बोरं गोळा करू लागली. दुपारी घरातल्या तिघी बायका मुलीला घेऊन देवीच्या देवळात गेल्या. सोबत दोन ओट्या होत्या. पहिली थोरल्या सुनेने भरली.

दुसरी धाकटीने भरली.